फाट्याचा सिनेमा

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कॉलनीत सकाळी दोनदा केर काढावा लागतो. कारखान्याच्या चिमणीतून भुसकटाची काळी राख उडते आणि अंगणात, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. त्या सकाळीही पहिला केर काढून झाला होता, ह्यांचा डबा भरला होता आणि शेवटच्या पोळीची कणीक हातात होती, तेवढ्यात पुढच्या दारावर थापा पडल्या. दाराला बेल होती. बेल सोडून दार बडवणारं माणूस आमच्या ओळखीत एकच. पण ते दुपारी यायचं आणि मागच्या दारानं यायचं.

दार उघडलं तर कस्तुराबाई कोकरेच. डोईवर पदर, एका हातात विळा, गुरांसाठी उसाचं वाढं कापता कापता तशाच उठून आलेल्या.

"वैनी, रविवारी तुमच्याकडं पावणं यायचं हाईत का कुणी?"

"नाही. का हो?"

"मग चार वाजता आमी येतो. समदी. आमचं मालक, सोनम आन् मी. फाट्याचा शिनेमा लागणार हाय!"

मी कणकेच्या हातानं तशीच उभी. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच टीव्हीनं. काल तुमी कुकर उतरवाया आत गेला हुता, तवा दावलं. ती बाई, ते बोचकं, त्यो फाटा. तीच ती! रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सोनमला दावायचाय वैनी. सोमवारच्या आत."

सोमवार का, ते मला ठाऊक होतं. सोनम ही त्यांची धाकटी लेक. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला दिलेली. जावई रविराज कंपनीत कामाला, माणूस वाईट नाही. पण श्रावणात त्याच्याकडे पाहुणे जेवायला बसले असताना भाजीत मीठ जास्त झालं, आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला, "जमत नसेल तर जा तुझ्या आईकडं." सोनमनं भांडी घासली, ओटा पुसला, पिशवी भरली आणि आली इथं पाटसला, आईकडं. बोलला शब्द तिनं पाळला, एवढंच. दिवाळी इथंच झाली. तिकडून कुणी फिरकलं नाही, निरोप मात्र आला: "एसट्या चालू आहेत म्हणावं. आली तशी यावं."

म्हस्कूमामांचा, म्हणजे कस्तुराबाईंच्या मालकांचा, जीव त्या निरोपानं पातळ झाला होता. "लोकं बोलत्यात. सोमवारी मीच सोडून येतो," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कस्तुराबाईंचं म्हणणं एकाच वाक्याचं होतं, "चार माणसांत जा म्हणाला, चार माणसांत ये म्हणू द्या." आणि सोनम? ती एकदा माझ्याकडे मटार सोलत बसली असताना आपणहून बोलली होती, "मला जायचंय काकू. त्यांची आठवण येते. पण पार्सल गाडीत टाकल्यासारखं नाही जायचं."

तर असा तो सोमवार होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी सिनेमा.

कस्तुराबाईंना मी प्रेक्षक म्हणते. कॉलनीतल्या बाकीच्या आम्ही नुसत्या टीव्ही बघायचो. गावात लाईट जायची, कॉलनीला मात्र हंगामात कारखान्याची स्वतःची वीज असायची, म्हणून त्या पहिल्यांदा कुंपणापलीकडच्या आपल्या शेतातून माझ्या मागच्या दाराशी आल्या. "वैनी, त्या पोरीचं पुढं काय झालं तेवढं बघून जाते," म्हणाल्या. त्या पोरीचं जे व्हायचं ते होऊन गेलं, मालिका संपून दुसऱ्या चार लागल्या, कस्तुराबाई येतच राहिल्या. सोफ्यावर कधी बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला पाठ टेकून, एक गुडघा वर घेऊन बसायच्या. "मऊ जागंवर झोप येती, आन् शिनेमाचा अपमान व्हतो."

त्यांचं माप भाकरीचं होतं. चतकोर भाकरी म्हणजे वेळ वाया गेला. अर्धी म्हणजे ठीक. अख्खी भाकरी त्या सहजी कुणाला वाढायच्या नाहीत. एखादी मालिका सगळा महाराष्ट्र बघत असला तरी कस्तुराबाई चौथ्या दिवशी पदर झटकून म्हणायच्या, "चतकोर. आन् ती पन शिळी."

मालिकांवर त्यांचा मोठा राग जेवणावरून. "ह्या घरात आजपातुर कुणी भाकरी संपवल्याली मी बघितली न्हाई. घास घेतला की फोन येतो, फोन न्हाई आला तर सून रडती. आरं, भांडायचं तर जेवून भांडा! आन्न काय वैऱ्याचं हाय?" ताटावरून उठून जाणाऱ्या नायकाला त्यांनी कधी नायक मानलं नाही. एका मालिकेत मात्र एका शाळेच्या शिपायाचं कुटुंब होतं. ती माणसं रोज शेवटपर्यंत जेवायची, ताटात हात धुवायची आणि मग बोलायला लागायची. कस्तुराबाईंनी तिला अख्खीला थोडी कमी अशी भाकरी दिली. ती तेरा आठवड्यांत बंद पडली. आम्ही हळहळलो, त्या नाही. "चांगल्या माणसांचं फार दिस चालत न्हाई. पर लागली हुती, हे तर खरं ना?"

खलनायिका त्यांना आवडायच्या. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून कारस्थानं करणारी एक आत्या होती, ती पडद्यावर आली की कस्तुराबाई पुढं सरकायच्या. "हिच्या मनात काय हाय ते ही मोठ्यानं बोलती. चांगल्या माणसांच्या मनातलं कळाया मातर गाणं लागतं." मारामारी लागली की त्यांना हसू आवरायचं नाही. "बघा बघा, कशी वळीनं येत्यात मार खायाला! रेशनच्या लायनीत तरी एवढी शिस्त आसती का?"

एकदा एका सिनेमात शहरातली कोवळी नटी खांद्यावर कोकरू घेऊन माळावरून गाणं म्हणत निघाली. कस्तुराबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला, हल्ली कुठं कालव्याच्या पाण्यावर दोन एकर ऊस करून घर एका जागी टेकलेलं. आता ह्या काय तोंडसुख घेतात म्हणून शेजारची चांगुणा आणि मी कान टवकारून बसलो. तर ह्यांचे डोळे पाणावलेले. चांगुणा म्हणाली, "मावशी, कोकरू धरलंय तरी का तिनं नीट? सगळं खोटं!"

"खोटं हाय म्हणून तर बघाया आले. खरी मेंढरं बघायची तर आमचं घर काय वाईट हाय?"

चांगुणाचा आणि त्यांचा वाद ठरलेला असायचा. चांगुणाचे यजमान बबनराव बॉयलरवर फोरमन, ती स्वतः बारावी झालेली, आमच्या कॉलनीतली सगळ्यात मोठ्यानं हसणारी बाई. तिला शेवट गोड लागायचा. "दिवसभर बॉयलरशी संसार करायचा, आणि संध्याकाळी टीव्हीपुढं बसून पुन्हा रडायचं? आपल्याला नाही जमत." कस्तुराबाईंना गोड शेवटाचं वावडं नव्हतं, पण तो फुकट मिळालेला त्यांना चालायचा नाही. शेवटच्या भागात सगळी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली की त्या बोट रोखून विचारायच्या, "माफी कुणी मागितली? दावा मला. फोटोवाल्यानं जवळ या म्हणल्यागत आली समदी जवळ. गळ्यात पडनं म्हंजी माफी न्हवं."

मी बी. ए. ला मराठी घेतलं होतं, शोकांतिका-सुखांतिका सगळं लिहून पास झाले होते. पण शेवट कसा तपासावा हे मला कुणी शिकवलं असेल तर ते चौकटीला टेकून बसलेल्या या बाईनं.

अख्खी भाकरी मिळालेला सिनेमा आजवर एकच: फाट्याचा. त्याचं खरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तो त्यांनी एकदाच पाहिला होता, लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हा, शिरूरकडच्या आपल्या माहेरच्या जत्रेत, तंबूत. त्या जत्रेला त्या हौसेनं गेल्या नव्हत्या. मेंढरांच्या तळावर त्यांच्या राखणीच्या वेळी लांडग्यानं कोकरू नेलं, आणि सासू म्हणाली, "पांढऱ्या पायाची." तेवढ्यावर त्या उठून चालत माहेरी आल्या होत्या.

सिनेमाची गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती, की न बघताही आम्हाला पाठ. घराबाहेर काढलेली एक बाई, हातात बोचकं. भटकत भटकत ती एका फाट्याशी येते. तिथं एक म्हातारा बसलेला. तो सांगतो, "पोरी, डाव्या हाताला तुझं माहेर, उजव्या हाताला सासर. बघ बाई, तुझं तू." इथं कस्तुराबाई हटकून थांबायच्या आणि हसायच्या. "म्हातारं त्वांडानं डावीकडं म्हणतंय आन् हात उजवीकडं करतंय! आमी समद्या बाया खदाखदा हसलो. म्हटलं, पिऊन आलंय म्हातारं." मग चेहरा एकदम गंभीर. "ती उभी ऱ्हायली. वारं सुटल्यालं. कायबी बोलली न्हाई. आन् वळली डावीकडं. माहेरच्या वाटंला. एकदाबी मागं बघितलं न्हाई तिनं. दुसऱ्या दिशी सासऱ्यानं मानूस धाडला, तवा मी म्हटलं, न्हाई येत. आधी एवढं धाडस नव्हतं माझ्यात. त्या बाईनं दिलं."

"मग पुढं?" आम्ही विचारायचो.

"पुढं काय? झाला की संसार," म्हणून त्या उठायच्या आणि आपल्या गुरांकडे जायच्या.

हा सिनेमा सोनमला दाखवायचा होता. लेकीला आईनं किती सांगितलं तरी ते आईचं बोलणं. ती बाई सांगेल ते वेगळं.

रविवारी चारच्या आधीच मंडळी आली. म्हस्कूमामा धुतलेल्या धोतरात, पागोटं मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले. सोनम स्वयंपाकघराच्या दाराशी टेकली. चांगुणा फरसाणाची पुडी घेऊन आली. "एवढी ऐकलीय ती बाई, आज एकदा तोंड बघते तिचं." कस्तुराबाई चौकटीला टेकल्या नाहीत, टीव्हीच्या अगदी पुढं जाऊन बसल्या.

काळा-पांढरा सिनेमा. तीसेक वर्षांनी बघत होत्या, पण पुढचं वाक्य आधी त्यांच्या तोंडून यायचं आणि मग टीव्हीतून. नवरा दाराला कडी लावणार, हे त्यांनी आधी सांगितलं. शेजारीण पाणी देणार, हेही. सोनम हसत होती. पण हळूहळू कस्तुराबाई घुटमळायला लागल्या.

"विहीर ह्या अंगाला कशी आली?" मग थोड्या वेळानं, "ह्यांनी घर फिरवलंय का काय?"

"मावशी, आठवणीत होतं असं," चांगुणा म्हणाली.

"माझ्या न्हाई व्हत."

फाटा आला. म्हातारा आला. "डाव्या हाताला तुझं माहेर," म्हणाला आणि त्यानं डावीकडं हात केला. "उजव्या हाताला सासर," उजवीकडं केला.

कस्तुराबाई पुटपुटल्या, "म्हातारं आज शुद्धीवर हाय."

ती बाई उभी राहिली. नेमकी जाहिरात लागली. साबण, चहा, मग पुन्हा साबण. जाहिराती संपल्या, वारं सुटलं, तिचा पदर उडाला. तिनं बोचकं काखेत धरलं आणि ती वळली उजवीकडं. सासरच्या वाटेला. मागं न बघता चालत गेली, लहान लहान होत गेली, सनई वाजली आणि अक्षरं आली: समाप्त.

म्हस्कूमामा खाकरले. "गेली की गं. सासरला."

सोनम उठली. "आई, पिशवी भरायची आहे माझी," एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला ऐकवेना.

"थांब," कस्तुराबाई म्हणाल्या. "ह्यो त्यो शिनेमा न्हवं. ह्यांनी बदलला."

"अहो मावशी, सिनेमा कसा बदलेल? तो काय ग्रामपंचायतीचा ठराव आहे?"

"बदललाय. म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. डावीकडं गेली हुती ती."

"बदलला न्हाई," म्हस्कूमामा म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. ते पागोट्याशी चाळा करत होते. "तवाबी उजवीकडंच गेली हुती. मी हुतो की तिथं."

"कुठं?"

"तंबूत. तुझ्या जत्रंला. घोंगड्यात तोंड लपवून आलो हुतो."

कस्तुराबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "तुमी? आन् मला दिसला न्हाई?"

"दिसणार कसा? पडद्याच्या ह्या बाजूला आमी बापे. तुमी बाया मागल्या अंगाला."

चांगुणानं एकदम कपाळावर हात मारला. "मागं? अगं बाई! मागं बसलेल्या तुम्ही?" आणि ती हसायलाच लागली. मग तिनं सांगितलं: तिच्या माहेरीही जयंतीला रस्त्यात आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे, पुढं पुरुष, मागं बायका-मुली. पडदा पातळ, त्यामुळं चित्र आरपार दिसायचं, पण आरशातल्यासारखं उलटं. "मी शाळेत जायची ना, तर नावं सगळी उलटी वाचायची. मावशी, मागनं बघितलं की उजवं ते डावं दिसतं!"

कस्तुराबाईंनी स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून पाहिले. डावा, उजवा. मग पुन्हा. बराच वेळ.

"म्हणून व्हय तंबूत समदी डाव्या हातानं जेवायची!" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, नट लोकांत तशीच रीत आसंल. आन् पदर समद्यांचा उजव्या खांद्यावर. आन् त्यो म्हातारा..." त्यांना हसू फुटलं. "बिचारं म्हातारं! इतकी वर्सं दारुडं म्हटलं त्याला!"

सगळेच हसलो. सोनमसुद्धा, पिशवी भरायला उठलेली, दारातच उभी राहून.

म्हस्कूमामांना धीर आला. "शेवट झाला तवा आमी बाप्यांनी ह्या टाळ्या वाजवल्या, ह्या टाळ्या. म्हटलं, शानी हाय बाई. घरी गेली."

"आमीबी वाजवल्या की," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्हटलं, शानी हाय. न्हाई गेली."

"त्याच ऐकल्या मी!" म्हस्कूमामा खुर्चीवरून पुढं झुकले. "पडद्यामागनं तुमच्या टाळ्या आल्या, आन् मी मनात म्हटलं, आता काळजी मिटली. हिला पटलंय. येती आता ही आपल्या पायानं. आन् खुशीत तळावर गेलो."

चांगुणाला हसून हसून ठसका लागला. मी तिला पाणी दिलं. पण कस्तुराबाई हसत नव्हत्या. त्या नवऱ्याकडं असं बघत होत्या, जसं मघाशी फाट्यावरच्या बाईकडं बघत होत्या.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय. वाट बघितली. एक बाजार गेला, दुसरा गेला. तू काय येईना. मेंढरं भावाच्या हवाली केली, बन्सीच्या, आन् निघालो."

"मेंढा बघाया जातो, असं सांगून निघाला हुता तुमी."

"आईला तसं सांगून आलो हुतो. निघताना खरं बोलायची छाती न्हवती." म्हस्कूमामांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, पुन्हा काढलं. "तुझ्या बापाच्या अंगणात आल्यावर मातर बोललो. समदी बसली हुती. तुझं चुलतं, शेजारपाजारची. म्हटलं, आई चुकली आमची. चल घरी."

मला ही गोष्ट नवी होती. सोनमलाही असावी, कारण ती दारातून पुढं आली आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसली. इतकी वर्षं कस्तुराबाईंनी आम्हाला गोष्ट सांगितली ती फाट्यापर्यंतच. धाडस दिलं ते त्या बाईनं, मान त्या बाईचा. अंगणात चार माणसांत उभं राहून बोललेला हा माणूस त्या गोष्टीत कधी आलाच नव्हता. आणि त्यानंही कधी म्हटलं नाही, की तुझा शेवट उलटा आहे.

"इतकी वर्सं मी चुकीचं सांगत हुते, तर तुमी बोलला का न्हाई?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"मला वाटलं, तुला ठाव हाय. मुद्दाम फिरवून सांगतीस. म्हटलं, सांगू दे. तुझाच शेवट बरा हाय."

टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मी आवाज बंद केला. बाहेर उसाचे ट्रॅक्टर वजनकाट्याच्या रांगेत उभे होते, त्यांच्यावरची गाणी एकमेकांत मिसळून येत होती. कस्तुराबाईंनी सोनमच्या केसांवरून हात फिरवला, सहज, काही काडी-कचरा काढावा तसा. त्यांचा सिनेमा हातातून गेला होता. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जा पोरी, भर पिशवी. ज्या खुंटीवर सगळं टांगलं होतं, ती खुंटीच निघाली.

त्या उठल्या, पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हस्कूमामांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अवो, सोमवारी पोरीला नेऊ नगा. एकटं जावा तळेगावला. चहा घ्या, जेवा म्हटली तर जेवा. भांडू नगा. आन् व्याह्यांना, जावयाला बसवून एवढंच सांगा, की तुमी मला न्यायला आला हुता."